१९५० पूर्वीचा कागद

सोलापूर जिल्ह्यात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गाला मी शिकवते. एका विद्यार्थिनीच्या क्षेत्रकार्य अहवालात मी वाचले, ‘पारधी वस्तीतील पालक मुलींच्या शिक्षणाबाबत उदासीन आहेत.’ आधार एवढाच, की सातवी झालेल्या मुलीला आईने वसतिगृहात पाठवले नव्हते. त्या वाक्यावर लाल रेघ ओढण्याऐवजी मी तिच्यासोबत वस्तीवर गेले.

आईने पत्र्याची पेटी उघडून प्लास्टिकच्या पिशवीतले कागद आमच्यासमोर मांडले. मुलीचे गुणपत्रक, आधार कार्ड आणि सेतू केंद्रातल्या अर्जांच्या पावत्या, घड्यांवर विरलेल्या. शासकीय आदिवासी वसतिगृहाला जातीचा दाखला हवा होता आणि अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा. “पन्नास सालच्या आधीचा कागद आणा म्हणत्यात, बाई. तवा आम्हाला गावात थांबू देत नव्हते, कागद कुठला आणू?” ती म्हणाली.

हे अक्षरशः खरे आहे. १८७१ मध्ये सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते आणि तो देशभरातून रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. ज्यांना सरकारने हक्काने कुठे राहूच दिले नाही, त्यांच्याकडेच सरकार आज त्या काळातल्या वास्तव्याचा पुरावा मागते. वर्गात आम्ही अस्पृश्यता नष्ट करणारे संविधानाचे कलम १७ शिकवतो, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा शिकवतो आणि विद्यार्थी उत्तरेही चांगली लिहितात. परंतु ज्यात कोणी शिवी देत नाही, कोणी हात उगारत नाही, केवळ अर्जातला एक रकाना भरता येत नाही, असा भेदभाव ओळखायला आपण पुरेसे शिकवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

मुलीचे आजोबा बाजूला बसून ऐकत होते. आपले वडील सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे या कायद्याखाली गुन्हेगार ठरवलेल्यांना डांबून ठेवायच्या वसाहतीत होते, तिथे रोज हजेरी लागे आणि पासाशिवाय बाहेर पडता येत नसे, असे ते सांगू लागले. विद्यार्थिनीने वहीतून मान वर करून विचारले, “आजोबा, हजेरी लागायची म्हणजे त्यांचं नाव रजिस्टरात असणार ना?” ज्या नोंदीने या घराला गुन्हेगार ठरवले, तीच नोंद आता नातीच्या कामी येऊ शकते, हे तिच्या ध्यानात आले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मलाही संताप आवरणे कठीण गेले.

त्याच आठवड्यात तिने आजोबांच्या नावाने जुन्या नोंदींच्या नकलेसाठी अर्ज लिहून दिला आणि अहवालातले ते वाक्य काढून तिथे सेतू केंद्राच्या पावत्यांच्या तारखा ओळीने मांडल्या. नक्कल अजून मिळालेली नाही. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा लागू असल्याने मुलीचे नाव तूर्त जवळच्या शाळेत घातले आहे. नववीच्या आत दाखला हाती यावा, यासाठी आम्ही प्रांत कार्यालयात पाठपुरावा करत आहोत.