खिडकीची चार कामं

नवं घर बघायला गेलं की लोक आधी टाइल्स बघतात, मग किचनचा ओटा, मग फॉल सीलिंगमधले दिवे. मी खिडकी बघते. नुसती बघत नाही, उघडून बघते. घरच्या बाईंना वाटतं मला उकडतंय, त्या लगबगीनं पंखा लावतात. ‘अहो नको, खिडकी बघतेय फक्त,’ म्हटलं की मग माझ्याकडे जरा संशयानं बघायला लागतात.

खरं तर बघण्यासारखं तिथे बहुतेक वेळा काही नसतंच. आवासपासून रेवदंड्यापर्यंत, आमच्या अलिबागकडच्या अख्ख्या अष्टागर पट्ट्यात आता एकाच खिडकीचं राज्य आहे, ॲल्युमिनियमची स्लायडिंग. चिऱ्याच्या घराला तीच, स्लॅबच्या घराला तीच, मुंबईकरांच्या बंगल्यालाही तीच. तिथे काच काळी असते एवढंच. स्वस्त पडते, दोन दिवसांत बसते, पडद्यालाही सोयीची. माझा तिच्यावर राग नाही. मुंबईच्या फ्लॅटमध्ये, जिथे बाहेर उघडणारं दार शेजारणीच्या कपड्यांच्या दोरीत अडकायचं, तिथे ती शहाणीच म्हणायची. पण कोकणात तिला पावसाळा काढायचा असतो.

कोकण किनाऱ्यावर वर्षाला दोन ते तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत उरकतो. शिवाय तो सरळ पडेल तर शपथ. समुद्रावरचा वारा त्याला आडवा करतो आणि झड लागली की चार-चार दिवस हटत नाही. अशा वेळी काचा ज्या पट्टीवरून सरकतात तिच्या खाचेत पाणी साठतं. ते निघून जावं म्हणून पट्टीला बाहेरच्या अंगानं भोकं पाडायची असतात. फॅब्रिकेटर कधी ती पाडायलाच विसरतो, कधी पाडतो आणि वरून सिलिकॉन फासून बुजवतो. मग खाच काठोकाठ भरते. वाऱ्याचा झोत आला की त्या पाण्यात बुडबुडे उठतात, गुडगुड आवाज येतो आणि पाणी आतल्या कठड्यावरून भिंतीला उतरायला लागतं. जुलैत आमच्याकडे कुठल्याही घरी जा, खाचेत जुन्या बनियनच्या घड्या कोंबलेल्या दिसतील. तासा-दोन तासांनी कुणीतरी उठतं, त्या बादलीत पिळतं, परत कोंबतं. पावसाळ्यातलं हे आता एक रीतसर घरकाम झालंय.

बरं, पाणी नको म्हणून खिडकी लावून घ्यावी तर हवा बंद. आणि उघडीप पडल्यावर उघडली तरी अर्धीच उघडते, कारण एक काच दुसरीच्या मागे जाऊन उभी राहते. पैसे पूर्ण खिडकीचे, वारा निम्म्या खिडकीचा. थ्री ट्रॅक, म्हणजे तीन खाचांची घेतली तर तिसरी खाच डासांच्या जाळीला जाते. वाऱ्याची वाट निम्मी ती निम्मीच.

माझ्या मते घोळ असा आहे की खिडकीला चार कामं असतात. हवा घ्यायची, उजेड घ्यायचा, पाऊस बाहेर ठेवायचा आणि घरातल्या माणसाला बाहेर बघू द्यायचं. स्लायडिंगमध्ये ही चारही कामं एका काचेच्या गळ्यात घातली आहेत. उजेड आणि बघणं ती झकास करते. पण हवा आणि पाऊस या दोघांचं तिच्यापुढे भांडण लागलं की तिला एकाचीच बाजू घेता येते.

जुन्या सुतारांनी ही कामं वाटून दिली होती. चौलला माझ्या आत्याच्या घरी ओटीवरची खिडकी अशी आहे. पाऊस अडवायचं काम मुळात खिडकीकडे नाहीच, ते छपराकडे. कौलांची वळचण हात-दीड हात पुढे आलेली, पागोळ्या पडतात त्या खिडकीपासून लांब. चोर-मांजराला लाकडी गज. दारं दोन मजली, खाली दोन आणि वर दोन. खालची लावून घेतली की रस्त्यावरच्याला घरातलं दिसत नाही. वरची उघडी ठेवली की उजेड येत राहतो. आणि त्याच्याही वर, चौकटीच्या माथ्याला, लाकडी जाळी. ती बंदच होत नाही. ऊन असो, झड असो, रात्र असो, घरातली गरम हवा तिथून गुपचूप बाहेर पडते. भिंत चिऱ्याची, चांगली जाड, त्यामुळे खिडकीत मांडी घालून बसता येतं. आत्या तांदूळ निवडायला तिथेच बसायची. ताटातला खडा तिला दिसायचा तसा रस्त्यावरचा माणूसही दिसायचा. ‘काय गं, आज बाजारात लवकरशी?’ असं विचारून ती समोरचीचा पूर्ण वृत्तांत काढून घ्यायची, आणि निवडणं न थांबवता.

बघण्याचं हे काम कमी समजू नये. रत्नागिरीला थिबा राजवाडा आहे, १९१० साली पुरा झालेला. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी राज्यावरून उतरवून इथे आणून ठेवलं होतं. तिथल्या अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या बघायला म्हणून मुद्दाम जावं. राजाला ते घर पाच-सहा वर्षंच लाभलं, १९१६ साली तो तिथेच गेला. ज्याला कुठेही जायची मुभा नाही त्याच्या घराला इतक्या देखण्या खिडक्या केल्या, ही दया होती की क्रूरपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण सगळ्या खिडक्यांत माझी लाडकी म्हणजे झडपांची. आडव्या अरुंद पट्ट्या, एकीवर दुसरी थोडी चढलेली, प्रत्येकीचा उतार बाहेरच्या बाजूला. पाऊस येतो, पट्टीवर पडतो, उतारानं बाहेर निघून जातो. वाऱ्याला मात्र दोन पट्ट्यांमधून वळून आत यायला कुणाची आडकाठी नाही. म्हणजे हवा आणि पाऊस यांचं भांडण मिटलं, तेही काहीही न हलवता, कुणी उठून खिडकी लावण्याआधीच. आणि गंमत बघा, अशी खिडकी आजही प्रत्येक घरात असते. कुठे, तर बाथरूममध्ये! काचेच्या पट्ट्यांची, एक्झॉस्टच्या पंख्याखाली. घरातली सगळ्यात हुशार खिडकी आपण बाथरूमला दिली आहे आणि हॉलमध्ये बनियनं पिळत बसलो आहोत.

हीच झडपं हॉलमध्येच काय, अख्ख्या घराला लावून बघणारा माणूस निघाला तो आमच्याच बाजूला. अलिबागहून मुरुडकडे निघालं की काशीद सोडल्यावर नांदगाव लागतं. नांदगावच्या माडांच्या वाडीत २००७ साली वास्तुविशारद बिजॉय जैन यांच्या ‘स्टुडिओ मुंबई’नं एक घर पुरं केलं, पामायरा हाउस. आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या २०१० च्या अंतिम यादीत ते होतं. घर खासगी आहे, उठून बघायला जाता येत नाही. मी ते फोटोंतून आणि नकाशांतून बघितलंय, पण अगदी बिजागऱ्या मोजाव्यात इतकं. दोन लांबट दुमजली लाकडी इमारती समोरासमोर, मधे फरसबंदी अंगण आणि पोहण्याचं टाकं. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा. आणि भिंत म्हणावी तिथे बहुतेक झडपंच झडपं. दिवसा बाहेरून बघितलं तर घर आडव्या रेघांत मिटलेलं; रात्री दिवे लागले की त्याच रेघांतून आतला उजेड गाळून बाहेर येतो.

या घरातलं मला सर्वांत आवडलेलं म्हणजे झडपांचं लाकूड. ते ताडाचं आहे. ताड आमच्याकडे हवा ताडगोळ्यांसाठी आणि ताडीसाठी. फर्निचरवाल्याला ताड म्हटलं तर तो हसेल. कारण ताडाच्या खोडाचा गाभा भुसभुशीत असतो. कठीण, काळसर, धाग्याधाग्यांचं लाकूड असतं ते फक्त सालीलगत, बोटभर-दोन बोटं जाडीचं. त्यातून टेबलाची रुंद फळी निघणं शक्य नाही. निघतात त्या अरुंद, लांब, चिवट पट्ट्या. झडपाला नेमकं काय लागतं? अरुंद, लांब, चिवट पट्टी. झाड कशासाठी नालायक आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, ते कशासाठी लायक आहे हे सुतारांबरोबर बसून कुणीतरी शोधलं. हल्लीच्या वास्तुकलेचं मी कौतुक करते ते अशा जागी. काचेच्या उंच मनोऱ्यांनी माझी मान दुखते.

अर्थात ते पैसेवाल्यांचं सुट्टीचं घर आहे हे मी विसरलेले नाही. इतकी झडपं हातानं घडवायची तर आमच्यासारख्याचं अर्धं घर सुताराच्या मजुरीतच उभं राहायचं. पण चांगली कल्पना श्रीमंताच्या घरी रुजली म्हणून ती वाईट ठरत नाही. आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच.

तिकडे गोव्यात उजेडाचा प्रश्न त्यांनी आणखी वेगळा सोडवला होता. काच महाग होती त्या काळात शिंपल्यांच्या खिडक्या केल्या. पातळ, सपाट, दुधी कवचाचा हा शिंपला. त्याच्या चौकोनी चकत्या कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचेत सरकवायच्या. उजेड आत येतो पण झळ येत नाही, आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. झुआरीवरच्या चिखलीच्या खाडीत हा शिंपला अजून सापडतो. तोरड्याला वास्तुविशारद जेरार्ड द कुन्हा यांनी ‘हाउसेस ऑफ गोवा’ हे संग्रहालय बांधलंय, जहाजासारखं त्रिकोणी, गोव्यातल्या घरांसाठीच वाहिलेलं. गोव्याला जाणाऱ्यांनी एक दुपार किनाऱ्यावरून काढून तिथे घालवावी, असं मी सांगत असते. कुणी ऐकत नाही.

खिडकीची खरी परीक्षा होते वीज गेल्यावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं. पत्रे उडाले, पोफळी आडव्या झाल्या, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंखा नाही, एसी नाही, वर पाऊस चालू. तेव्हा बंद काचांच्या घरातली माणसं संध्याकाळी जुन्या घरांच्या ओटीवर येऊन बसायची. आत्याकडे तर रोज मैफल. मोठमोठ्या बंगल्यांचे राखणदारही असायचे, बंगल्यात जीव गुदमरतो म्हणून.

फर्निचरचंही थोडंफार असंच आहे. शोरूममधला मखमली सोफा इथे आणला की श्रावणात त्याला बुरा चढतो. त्याच्या शेजारी वेताच्या विणीची जुनी खुर्ची खुशाल असते, कारण तिच्यातून वारा आरपार जातो. पिएर जानरे या वास्तुविशारदानं १९५० च्या दशकात चंदीगडसाठी सागवान आणि वेताच्या खुर्च्या केल्या. कचेऱ्यांनी पुढे त्या भंगारात ढीग करून टाकल्या आणि आता परदेशी लिलावांत त्यांना लाखांत बोली लागते. आपल्या माळ्यावर काय काय पडलंय ते एकदा बघून घ्यायला हरकत नाही.

सध्या हे सगळं डोक्यात घोळतंय कारण आम्ही घरावर मजला चढवतोय. स्लायडिंगवाला येऊन माप घेऊन गेला होता. ‘काकी, सगळे हेच टाकतात,’ म्हणाला. मी गावातल्या सुताराला बोलावलं. त्यानं झडपांचं चित्र बघितलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, ‘करीन की. पण काकी, एका खिडकीला चव्वेचाळीस पट्ट्या. पुसणार कोण?’

प्रश्न बिनतोड होता. आमचे हे लगेच त्याच्या बाजूनं झाले. मग बराच वेळ चहावर वाटाघाटी झाल्या. समुद्राकडच्या दोन खिडक्यांना झडपं, बाकीच्यांना साधी बाहेर उघडणारी दारं, वर जाळी, आणि छप्पर दोन फूट पुढे. झडपं हलती करायची, मधे उभी काठी ठेवून, म्हणजे ती वर-खाली केली की सगळ्या पट्ट्या एकदम उघडमीट होतील आणि पुसायलाही फडकं आत जाईल. काठीला पट्ट्या जोडायच्या त्या बारीक कड्या लोखंडी नकोत, खाऱ्या वाऱ्यानं दोन वर्षांत गंजतात, पितळीच हव्यात, हे सुतारानंच सांगितलं. तशा कड्या अलिबागच्या बाजारात कुणाकडे नाहीत. भाचा पुढच्या आठवड्यात मुंबईला जातोय, त्याला नमुना देऊन तिथल्या नागदेवीच्या हार्डवेअर बाजारात पाठवते.