डिशवॉशरची पावडर, मीठ आणि आईचं पातेलं

डिशवॉशर घरी आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्याच्यासोबत मिळालेली पावडर संपली. रात्रीचे अकरा, मशीन गच्च भरलेलं. ओट्यावर भांडी घासायचं लिक्विड होतंच. दोन चमचे ओतलं, दार लावलं, बटण दाबलं. वीस मिनिटांनी पाणी प्यायला उठले तर दाराच्या खालच्या फटीतून फेस निघून पार फ्रिजपर्यंत पोचलेला. आवाजाने आई उठून आली. बघितलं आणि म्हणाली, "एवढ्यात मी हाताने घासून झोपलेही असते गं." यावर बोलायला काही नव्हतं. फरशी पुसली, मशीन नुसत्या पाण्यावर दोनदा चालवलं, तेव्हा कुठे फेस गेला.

हाताने घासायच्या साबणाला मुद्दाम फेस आणलेला असतो. डिशवॉशरमध्ये घासणारं कोणीच नाही, फिरत्या दांड्यांतून गरम पाण्याचे फवारे मारले जातात. फेस झाला की पंप पाण्याबरोबर हवा ओढतो आणि फवाऱ्यातला जोरच जातो. म्हणून डिशवॉशरच्या पावडरीला फेस जवळजवळ येत नाही. तिच्यातला धुण्याचा सोडा तेलकटपणा काढतो, एक एन्झाइम अंड्या-दुधाच्या वाळलेल्या थरावर काम करतं, दुसरं पिठाच्या चिकट्यावर, आणि चहा-कॉफीचे डाग ऑक्सिजन ब्लीच घालवतं.

मग मी टॅब्लेट आणल्या. मापायची कटकट नाही, एक टाकली की झालं. पण मला घाई फार, रोज अर्ध्या तासाचा प्रोग्रॅम लावायची, आणि दार उघडलं की अर्धी टॅब्लेट कप्प्यात तशीच चिकटलेली. छोट्या प्रोग्रॅममध्ये तिला विरघळायला वेळच मिळत नाही. पातळ आवरणाच्या गोळ्यांचं आणखी वेगळं. एकदा ओल्या हाताने डबा उघडला, दोन दिवसांनी आत गोळ्यांचा एकच गोळा! जेलही वापरून पाहिलं. विरघळायचं झटकन, पण कपातले चहाचे डाग हलायचे नाहीत. एन्झाइम आणि ब्लीच एकाच पातळ द्रवात टिकवणं अवघड, म्हणून बहुतेक जेलमध्ये ब्लीच नसतंच. शेवटी पावडरवर आले. कमी भांड्यांना कमी घालता येते, हे मला सगळ्यात पटलं.

तरीही काचेच्या ग्लासांवर पांढुरका थर यायचाच. मी आणखी पावडर घालायला लागले. थर जाईना. मग ब्रँड बदलला, तरी तेच. तीन महिने मी पावडरीला शिव्या घालत होते.

एका रविवारी दोन ग्लास घेऊन बसले. कापसावर व्हिनेगर घेतलं आणि चोळलं. पहिल्या ग्लासवर बोट फिरलं तिथे काच लख्ख झाली, म्हणजे तो पाण्यातला क्षार. दुसरा कितीही चोळला तरी धुरकटच राहिला. काचच कोरली गेली होती, ती आता परत येणार नाही. एकाच घरात हे दोन्ही आजार कसे, याचा उलगडा मॅन्युअल उघडल्यावर झाला (जे पहिल्याच दिवशी उघडायला हवं होतं). क्षाराला जड पाणी जबाबदार. काच कोरली जाते ती पाणी हलकं, म्हणजे कमी क्षारांचं असताना पावडर जास्त पडली की. हा दुसरा ग्लास जुना, माझ्या बहिणीकडून आलेला, आणि तिच्याकडचं पाणी हलकं!

मशीनच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो, तो माझा पहिल्या दिवसापासून कोरडा. आत पाणी हलकं करणारे राळेचे बारीक मणी असतात. ते क्षार धरून ठेवतात आणि मीठ त्यांना पुन्हा ताजं करतं. पट्टी बुडवून पाणी किती जड ते तपासलं तर आकडा २० जर्मन अंश (जडपणा मोजायचं एक माप). एक अंश म्हणजे लिटरमागे साधारण १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे माझ्याकडे साडेतीनशेच्या वर. मशीनचं सेटिंग मात्र खूपच खाली होतं, ते वाढवलं. मीठ डिशवॉशरचंच, जाड दाण्याचं घेतलं. जेवणातलं बारीक मीठ चालत नाही, त्यात मोकळं राहण्यासाठी मिसळलेलं काही ना काही असतं. पहिल्यांदा भरताना आधी कप्पा पाण्याने भरायचा, मग मीठ. भरताना थोडं बाहेर सांडलं, म्हणून लगेच एक धुणं चालवलं, नाहीतर मिठाने स्टीलला गंज चढतो.

रिन्स एडला मी आजवर निव्वळ चैन समजत होते. ते शेवटच्या पाण्यात पडतं आणि पाणी थेंब न धरता पातळ पसरून ओघळून जातं. ग्लास डाग न पडता वाळतात ते त्यामुळे.

आणि हो, भांडी आधी नळाखाली धुऊन मशीनमध्ये ठेवणं मी बंद केलं. उष्टं-खरकटं खरडून टाकलं की पुरे. आईला हे अजिबात मान्य नाही.

तिचं म्हणणं मी मुकाट ऐकते, कारण तिचं आवडतं ॲल्युमिनियमचं पातेलं मी तिला न विचारता आत घातलं होतं. पावडरीतल्या सोड्यासारख्या अल्कलीने ते काळं पडलं ते पडलंच. आता ती ते स्वतः हाताने घासते आणि वाळायला ठेवते मुद्दाम मशीनच्या डोक्यावर.