आवस, आश्लेषा आणि अळंबी

मैत्रिणीने रील पाठवलं. हल्ली दर अमावस्येला कुणी ना कुणी पाठवतंच. काळंभोर आकाश, खाली ओल्या मातीतून स्लो मोशनमध्ये वर येणारी मशरूम, आणि मागे एक बाई अगदी हळू आवाजात सांगतेय की न्यू मून म्हणजे नवी सुरुवात, आजच्या अंधारात इच्छा पेरा, जमिनीखाली बुरशीचं जाळं गुपचूप पसरत असतं तसं विश्वही तुमच्यासाठी गुपचूप काम करतंय. मशरूम दिसायला सुरेख होती यात वाद नाही. पण ज्या घरात अमावस्येला नवा कपडा अंगाला लावत नाहीत आणि दूधवाल्याला सुद्धा नवा रतीब "उद्यापासून सुरू कर रे बाबा" म्हणून सांगतात, तिथे वाढलेल्या बाईला "आज सुरुवात करा" हे जरा पचायला जडच जातं ना.

बरं यात नुसता भित्रेपणाही नाहीये. आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, गुजरातेत आणि खाली दक्षिणेत, महिना संपतो तोच मुळी अमावस्येला. उत्तरेत पौर्णिमेला संपतो, म्हणून तर त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि टीव्हीवर कावडिये दिसायला लागले की आपल्याकडे अजून आषाढात कोंबडी शिजत असते. तर आपल्या हिशोबाने अमावस्या हा महिन्याचा शेवटचा दिवस, तिसावी तिथी. शेवटच्या तारखेला कोण नवं काम काढतं? तमिळ लोक मात्र अमावस्येला नवी गाडीसुद्धा घेतात, त्यांच्याकडे हा दिवस चांगला धरतात. म्हणजे चंद्र तोच, आकाश तेच, गाडी पण तीच, फक्त मुहूर्त बदलतो.

ज्योतिषात बघायला गेलं तर अमावस्या ही घटना अगदी साधी आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर कमी होत होत बारा अंशांच्या आत आलं की अमावस्या लागते आणि शून्य झालं की संपते. चंद्र कुठेही गेलेला नसतो हो. दिवसभर आपल्या डोक्यावर सूर्याच्या शेजारीच असतो, त्याची उजेडाची बाजू पलीकडे असते आणि शेजारी इतका मोठा दिवा लागलेला की तो दिसत नाही एवढंच. पण चंद्र हा मनाचा कारक, तो असा क्षीण झाला, सूर्याच्या तेजात अस्तंगत झाला की मन पण बसतं म्हणतात, म्हणून अमावस्येला जन्मलेल्या बाळाची शांती करायची पद्धत. आणि गंमत बघा, अख्ख्या वर्षातली ग्रहांच्या दृष्टीने सगळ्यात पडकी अमावस्या कुठली तर आश्विनातली, कारण चंद्र क्षीण असतोच आणि वर सूर्यही तूळ राशीत, म्हणजे नीचेचा. दोघांचीही पत खलास. आणि नेमक्या त्याच संध्याकाळी आपण लक्ष्मीपूजन करतो! मला हे आपल्या लोकांचं भारी वाटतं, जिथे आकाशातून काही मिळायची आशा नाही तिथे घरचं तेल जाळायचं.

आता मशरूमकडे येऊ. रीलवाल्या बाईंना मशरूम म्हणजे सुरुवात वाटते, रात्रीत उगवलं म्हणून. पण ते रात्रीत उगवत नाही ना. जमिनीत नाहीतर कुजक्या लाकडात बुरशीचे धागे महिनोन् महिने, कधी कधी वर्षानुवर्षं पसरलेले असतात आणि सगळं जमून आलं, ओल, ऊब, खायला प्यायला भरपूर, की मग एक दिवस छत्री वर काढतात. छत्री हे फळ आहे, तेही हंगामाच्या शेवटचं. अमेरिकेत ओरेगनच्या जंगलात एकाच बुरशीचं जाळं साधारण साडेनऊशे हेक्टरवर पसरलेलं सापडलंय, वय हजारो वर्षं, आणि वर दिसतं काय तर शरद ऋतूत थोडे दिवस आलेली मधाच्या रंगाची भूछत्रं. तेव्हा बुरशी आणि अमावस्येची सांगड घालायची तर खुशाल घाला, माझी हरकत नाही, पण सुरुवातीची नका घालू. बुरशीचा धंदा संपवायचा आहे. पडलेलं झाड, मेलेलं पान, कालची पोळी, हे सगळं ती निकालात काढते, आणि ते कुणीतरी काढावंच लागतं.

यासाठी जंगलात जायची पण गरज नाही. आमच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान बघा. दर अमावस्येला दारावर नवीन लिंबू-मिरची लागते, काळ्या दोऱ्यात ओवलेली, खाली कोळसा. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत ते लिंबू थोड्याच दिवसांत देठाकडून मऊ पडतं, मग तिथे पांढरा कापूस दिसायला लागतो आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध हिरवट राखाडी भुकटी, कडेला मात्र पांढरीच गोल किनार. ही पेनिसिलियमचीच एक जात, लिंबू-संत्र्यावर वाढणारी. ज्या पेनिसिलियमने १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीतले जंतू मारले तिची बहीण म्हणा हवं तर. मिरच्या वाळून काळ्या होतात, लिंबू हलकं होत होत कवटीसारखं कडक होतं, आणि पुढच्या अमावस्येला दुकानदार ते तोडून रस्त्यावर टाकतो, त्यावर पाय पडू नये म्हणून आपण उडी मारतो. नजर, दृष्ट, बाहेरची बाधा, जे काही त्या लिंबाने ओढून घेतलं असेल ते सगळं महिनाभर ती बुरशी बसून खात असते आणि तिला कुणी उदबत्तीसुद्धा ओवाळत नाही!

पण खरी मजा पंचांगात आहे, आणि हे मला रीलवाल्या बाईंना सांगायचंय. आषाढातली अमावस्या, आपली दीप अमावस्या (हो हो, गटारी पण तीच), ही कायम कर्क राशीत होते. कारण आषाढ महिना म्हणजे ज्या महिन्यात सूर्य कर्केत जातो तो, त्यामुळे महिना संपताना सूर्य कर्केतच असणार आणि अमावस्या म्हणजे चंद्रही तिथेच. कर्क ही चंद्राची स्वतःची रास, जलतत्त्वाची. म्हणजे चंद्र दिसेनासा होतो तो स्वतःच्या घरात, भर पावसात. मोबाईलच्या अॅपवर मात्र त्याच दिवशी बहुतेक वेळा "सिंह राशीत न्यू मून" असं येतं, अग्नितत्त्व, आत्मविश्वास, स्टेजवर जा वगैरे, कारण पाश्चात्त्य आणि आपल्या राशीचक्रात आता जवळजवळ चोवीस अंशांचा फरक पडलाय. २०२६ सालचंच घ्या. ज्येष्ठ अधिक आल्यामुळे दीप अमावस्या थेट १२ ऑगस्टला, त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण पण, आइसलंड-स्पेनकडे दिसणारं, आपल्याकडे रात्र. अॅपच्या हिशोबाने चंद्र-सूर्य सिंहेचे वीस अंश. पंचांगाच्या हिशोबाने कर्क, आणि नक्षत्र आश्लेषा.

आश्लेषा! या नक्षत्राची देवता सर्प. आणि अमावस्येनंतर पाचव्या दिवशी नागपंचमी, बायका वारुळाला दूध-लाह्या घेऊन निघतात. आणि याच दिवसांत, पुनर्वसूचा तरणा पाऊस आणि पुष्याचा म्हातारा पाऊस पडून गेल्यावर, त्याच वारुळावर काय उगवतं? अळंबी. कोकणात अळंबी नाहीतर अळमी, गोव्यात रोयणीं अळमीं कारण रोयण म्हणजे वारूळ, विदर्भात टेकोडे, गोंदिया-भंडाऱ्याकडे सात्या. तेव्हा अमावस्येला मशरूम चिकटवायची तर इतक्या लांब जायलाच नको, कर्क, आश्लेषा, नाग, वारूळ, अळंबी अशी सरळ लाइन आपल्याकडे लागलेलीच आहे. गोव्यात आणि तळकोकणात तर सातेरी देवी वारुळाच्याच रूपात पुजतात, देवळाच्या गाभाऱ्यात मातीचं वारूळ आणि त्यावर मुखवटा.

वारुळात आत जे चाललंय ते तर कुठल्याही ज्योतिषाला सुचलं नसतं. वारूळ बांधते वाळवी, मुंग्या नव्हेत, आणि नागोबा तर आयत्या बिळावर. या वाळवीला लाकूड स्वतःला धड पचत नाही. ती मेलेली पानं, काटक्या, गवत चावून आत नेते, त्याची स्पंजसारखी पोळी रचते आणि त्यावर बुरशी वाढवते, अगदी शेती म्हणावी अशी, आणि मग ती बुरशी आणि तिने मऊ केलेला पाला खाते. साधारण तीन कोटी वर्षांपासून ही शेती चालू आहे, माणसाने पहिला दाणा पेरायच्या कितीतरी आधीपासून, आणि तीही मिट्ट काळोखात, म्हणजे यांना बारा महिने अमावस्याच. पावसाळ्यात त्या पोळ्यांतून एक लांबलचक देठ मातीतून वाट काढत वर येतो आणि बाहेर पडल्यावर छत्री उघडतो. म्हणून ही अळंबी उपटताना देठ संपतच नाही, बोटभर बाहेर दिसते आणि वीतभर, कधी हातभर खाली गेलेली असते. आणि म्हणूनच ती पॉलिहाउसमध्ये लावून बाजारात आणणं अजून जमलेलं नाही, बटण मशरूमसारखी बारा महिने डब्यात मिळत नाही. वाळवी पाहिजे, वारूळ पाहिजे, पाऊस पाहिजे.

माझं सासर सावंतवाडीकडचं, तिथे रात्री जोरात गडगडलं की सकाळी कुणीतरी वारुळाकडे चक्कर मारून येतोच. विजेने अळंबी येते हा समज जगभर आहे, अगदी जुना, आणि जपानमध्ये शिताके मशरूमच्या ओंडक्यांना विजेचे झटके देऊन पीक वाढतं का हे खरंच करून बघितलंय, वाढलं पण. सागाच्या पानात बांधलेली पुडी घरी येते. सोडली की आधी मातीचा वास आणि मग एक गोडसर, कोंबडीच्या रश्शाकडे झुकणारा वास. टोप्यांच्या मधोमध टोकदार बोंडं, करड्या रंगाची, देठाला लाल माती इतकी घट्ट की ती चाकूने खरवडायलाच लागते, आणि कळ्या अजून मिटलेल्या असतील तर लाख मोलाच्या कारण उमलल्या की आत किडे पडायला वेळ लागत नाही. हळदीच्या पाण्यात सासूबाई एकेक धुतात, घाई केली की ओरडतात. मग भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण. (आणि कृपा करून हे वाचून कुणी सोसायटीच्या बागेतली कुत्र्याची छत्री तव्यावर टाकू नका. चांदीचं नाणं काळं पडलं तरच विषारी वगैरे जे सांगतात ते थापा आहेत, ओळखणारा माणूस बरोबर नसेल तर नाहीच खायची.)

तर सुरुवात आणि शेवट. मला वाटतं आपल्या अमावस्यांचा सगळा कारभारच आवरासावरीचा आहे. आषाढ अमावस्येला घरातले सगळे दिवे, समया, निरांजनं घासून काढायची. श्रावण अमावस्येला, पिठोरीला, पोळा, बैलांच्या खांद्यावरचं जू उतरतं. भाद्रपदात सर्वपित्री, गेलेल्यांचं देणं. आश्विनात व्यापाऱ्यांच्या जुन्या वह्या मिटतात. आमच्याकडे बाथरूमच्या टाइल्स बसवणारा गवंडी सुद्धा "उद्या आवस आहे, काम बंद" म्हणून सांगून जातो, आणि तेव्हा मी चिडले होते खरी पण महिन्यातून एक दिवस सिमेंट न कालवणं हे त्याचं बरोबरच आहे. इच्छा-बिच्छा दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पेरा की. भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या फांद्यांवरची बुरशी हिरवट चमकते ती बघायला जाणारे लोक पण अमावस्येच्या आसपासचीच रात्र धरतात, आणि चमकते काय तर सडलेलं लाकूड, नवा कोंब नव्हे.

राहता राहिला खाण्याचा प्रश्न. मनुस्मृतीने लसूण, गाजर, कांदा यांच्याबरोबर अळंबीलाही द्विजांसाठी अभक्ष्य ठरवून टाकलंय ("गृञ्जन" म्हणजे गाजर की अजून काही यावर पंडितांचं भांडण आहे ते असो), आणि दुसरीकडे कोकणात श्रावणात मटण बंद म्हणून अळंबीवर उड्या पडतात. आमच्या सासरी यावर दरवर्षी तोच वाद होतो. सासरे म्हणतात ती वनस्पतीच, मी म्हणते १९६९ पासून शास्त्राने बुरशीचं वेगळं राज्य केलंय आणि नात्याने ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची आहे, त्यावर सगळे माझ्याकडे असं बघतात की जेवायला बसू देतील की नाही शंका यावी. शेवटी सासूबाईंचा निकाल चालतो. अळंबी आषाढ अमावस्येच्या आत मिळाली तर मांसाहारात धरायची, प्रतिपदेनंतर मिळाली तर शाकाहारात.