जावक क्रमांक कुठंय?

पेन्शनचा आठवडा, त्यात सोमवार, म्हणजे काउंटरवर मान वर करायला फुरसत नसते. साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात आमची ब्रँच आहे, पेन्शनर सगळे ओळखीचे. त्या गर्दीतनं काका रांग सोडून सरळ माझ्या टेबलापाशी आले तेव्हाच मला खटकलं, कारण हा माणूस कधी रांग मोडत नाही. तहसीलमधनं अव्वल कारकून म्हणून दोन वर्षांपूर्वी रिटायर झालेले, निम्मं आयुष्य आवक-जावक, म्हणजे आलेल्या-गेलेल्या प्रत्येक पत्राची नंबर टाकून नोंद, सांभाळण्यात गेलेलं.

"ताई, एफडी मोडायचीय. १८ लाखांची. आणि आजच आरटीजीएस करायचंय."

ग्रॅच्युइटीचे आणि पेन्शन विकून आलेले पैसे होते ते, एफडी मीच करून दिलेली. कशाला म्हटलं तर मुलाच्या फ्लॅटला. फॉर्मवर नाव कुठल्यातरी ट्रेडर्सचं आणि खातं पार दुसऱ्या राज्यातलं, आता पुण्यातल्या फ्लॅटचे पैसे तिकडं कशाला जातील? शर्टाच्या खिशात मोबाइल, कॅमेरा बाहेर डोकावणारा, आणि काका बोलताना माझ्याकडं न बघता सारखे खिशाकडं बघत होते.

पोलीस नाहीतर सीबीआय म्हणून व्हिडिओ कॉल करायचा, तुम्हाला अटक झालीय म्हणून घाबरवायचं आणि पैसे उकळायचे, त्या डिजिटल अरेस्टची सर्क्युलरं वाचून वाचून आम्हाला पाठ झालीत. कायद्यात असला प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक होत नसते, २०२४ च्या ऑक्टोबरात पंतप्रधानांनी मन की बातमध्ये सांगून झालं, कॉलर ट्यूनवर वाजून वाजून लोक वैतागले. काकांनीही ऐकलंच असणार की.

मी तोंडानं "सिस्टीम स्लो आहे काका, बसा जरा" म्हटलं आणि विड्रॉल स्लिपच्या मागं लिहिलं, फोनवर कोण आहे? त्यांनी खाली लिहिलं, सीबीआय. आणि अक्षरांखाली दोन रेघा मारल्या.

मी लिहिलं, फसवणूक आहे. त्यांनी मानेनंच नाही म्हटलं आणि पिशवीतनं फाइल काढली. व्हॉट्सॅपवर आलेल्या पत्राची झेरॉक्सवाल्याकडनं प्रिंट काढून, पंच करून, टॅग लावून रीतसर नस्ती केलेली! राजमुद्रा, गोल शिक्का, लाल अक्षरात गोपनीय. ३३ वर्षं ज्यानं शिक्क्याचा मान ठेवला त्याला शिक्का खोटा आहे हे मी कोण सांगणार? काही सुचेना, पत्र खालवर वाचत बसले, आणि एकदम डोक्यात आलं. लिहिलं, जावक क्रमांक कुठंय?

काकांनी चष्मा वर केला. पत्र उलटं केलं, सुलटं केलं, टॅगमधली मागची दोन पानं बघितली. "जावक नाही... दिनांक नाही... संदर्भ नाही..." पुटपुटत होते आणि कानशिलं लाल होत चाललेली. मग खिशातनं फोन काढला आणि स्वतःच कट केला. पुढं सात-आठ वेळा वाजला तो, आम्ही टेबलावर पालथा घालून ठेवला.

आदल्या संध्याकाळी यूपीआयनं ९० हजार गेले होते ते मग सांगितलं, तेही खाली बघून. माझ्याच टेबलावरनं १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला, तक्रार नोंदवली. त्यातले २२ हजार पुढच्या खात्यात होल्ड झाले, बाकीचे तोवर कुठल्या कुठं गेलेले.

मुलगा फोनवर म्हणाला, बाबांना टेक्नॉलॉजी कळत नाही हो. मला काही ते पटलं नाही. व्हिडिओ कॉल, यूपीआय, व्हॉट्सॅपची प्रिंट, सगळं त्यांनी एकट्यानंच केलं होतं. एकट्यानं, तिथंच घोळ झाला. ऑफिसात असताना असलं पत्र आलं असतं तर शेजारच्या टेबलाला दाखवलं असतं, चहा ठेवता ठेवता शिपाईपण म्हणाला असता की भाऊसाहेब, हे काय खरं दिसत नाही. निरोप समारंभाला शाल, श्रीफळ आणि स्टाफनं वर्गणी काढून घेतलेला हा स्मार्टफोन मिळाला आणि दुसऱ्या दिवसापासनं विचारायला कुणी नाही. मुलाला विचारावं तर तो मीटिंगमध्ये, आणि खरं तर मुलाला विचारायची लाजच वाटते बऱ्याच जणांना, हे मी रोज काउंटरवर बघते.

मंगळवारी काका परत आले. पोलिसांना द्यायचा अर्ज लिहून आणलेला, विषय, संदर्भ, महोदय, सगळं जागच्या जागी, कार्बन घालून तीन प्रती, एक बँकेला माहितीसाठी. मी शिक्का मारला, सही केली आणि त्यांची प्रत हातात दिली. काका हलेनात.

"ताई, आवक क्रमांक टाका."