खुंटी, मणका आणि मिलानमधला एक दिवा

मिरजेत आमचं घर सतारमेकर गल्लीपासून चार मिनिटांवर. शाळेतून घरी येताना वाट त्याच गल्लीतून. छताला टांगलेले वाळके भोपळे, तूनच्या लाकडाचा भुसा, चपड्याचा वास. इतकी वर्षं त्या दुकानांसमोरून गेले, पण लक्ष सगळं कोपऱ्यावरच्या भेळेच्या गाड्याकडे. हे आधीच सांगून टाकते. पुढे जे काही शहाणपण येणार आहे ते त्या गल्लीतलं आहे, आणि ते मला सुचलं सात हजार किलोमीटर लांब येऊन.

मिलानला डिझाइन शिकायला आले त्या पहिल्या हिवाळ्यात आम्हा नव्या मुलांना आकिले कास्तिल्योनी यांचा स्टुडिओ बघायला नेलं. इटलीच्या डिझाइनमधलं हे फार मोठं नाव. २००२ साली वारले. कपाटांत काय ठेवलेलं असेल? बाजारात मिळतात तसल्या वस्तू. चष्मे, कात्र्या, खेळणी. कोणी बनवल्या ते माहीत नाही, पण काम चोख करतात, म्हणून जमवलेल्या. विद्यार्थ्यांना शिकवायलाही ते असल्या वस्तू पिशवीत भरून न्यायचे म्हणे.

तिथेच ते प्रसिद्ध स्टूल बघितलं आणि मला हसूच फुटलं. ट्रॅक्टरची सीट! तासगावला मामाच्या द्राक्षबागेत एक जुना ट्रॅक्टर होता, त्याची अशीच पत्र्याची, भोकांची सीट. उन्हात इतकी तापायची की मामा आधी पोतं टाकायचा, मग बसायचा. कास्तिल्योनी बंधूंनी १९५७ साली तसली सीट घेतली, एका वाकवलेल्या पोलादी पट्टीवर बसवली, खाली लाकडाचा आडवा दांडा दिला. नाव ठेवलं ‘मेझ्झाद्रो’, म्हणजे अर्धेलीनं शेत कसणारा. मामाला फोटो पाठवला आणि किंमत सांगितली. मामाचं उत्तर: “आमची भंगारात किलोवर घातली की गं!”

मला मात्र त्या सीटपेक्षा खालची पट्टी आवडली. बसलं की ती किंचित लवते, शेतात ट्रॅक्टरवर लवते तशीच. नुसता आकार उचलला नव्हता, सीटचं कामही सोबत आलं होतं. हे मला तेव्हा कळलं असं वाटलं. कळलं नव्हतं.

कारण दोन वर्षांनी ऑफिसात टेबलावरच्या दिव्याचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी काय केलं? तंबोऱ्याच्या भोपळ्याच्या आकाराचा दिवा! घरची आठवण, संस्कृती, सगळं त्यात कोंबलं. एप्रिलमध्ये इथे फर्निचरचं मोठं प्रदर्शन भरतं, तिथे निम्म्या खुर्च्यांना अशीच गोष्ट चिकटवलेली असते: ही लाटेवरून सुचली, ती पाकळीवरून. ऑफिसातल्या आमच्या वरिष्ठ बाईंनी माझा दिवा फिरवून बघितला आणि विचारलं, “हा भोपळा करतो काय?” तंबोऱ्यात भोपळा आवाज भरून काढतो. माझ्या दिव्यात तो काहीच करत नव्हता. शिवाय स्क्रू ढिला केला की दिव्याचं डोकं धाडकन खाली यायचं. बोटभर खाली घ्यायचं तरी दोन हात लागायचे.

त्या सुट्टीत मिरजेला गेले आणि पहिल्यांदा एका दुकानात पायरीवर बसून राहिले. कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत होते, म्हणजे तारेला गुंजणारा आवाज आणत होते. घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं. मग तारेखाली सुताचा धागा सारला, आणि मघाशी नुसती वाजणारी तार गुंजायला लागली. एक केसभर जागा इकडची तिकडे, बस्स. गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ ज्या गावात राहिले, १९३७ साली गेल्यावर ज्या गावच्या दर्ग्यात त्यांना दफन केलं, त्या गावची मी, आणि जवारी बघायला मला पंचविशी उलटावी लागली. (२०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा ती बातमी फॅमिली ग्रुपवर सगळ्यांत आधी मीच टाकली होती. असो.)

मग ते तंबोरा सुरात लावायला बसले. ढोबळ सूर खुंटी पिळून आणला. उरलेला बारीक फरक खाली, घोडीच्या पलीकडे तारेत ओवलेला मणका एका बोटानं सरकवून. मणका खाली गेला की तार उचलली जाते, ताण वाढतो, सूर चढतो. मी तिथेच वही काढली. दिव्याचं डोकं दोरीला टांगायचं. मोठा बदल खुंटीनं. बारीक बदलाला दोरी आणि दिव्याची उतरती पाठ यांच्यामध्ये मणका. तो सरकवला की दोरी बाजूला ढकलली जाते आणि डोकं बोटभर वर येतं. एका हाताचं काम.

दिवा आता भोपळ्यासारखा अजिबात दिसत नाही. बाईंनी मणका चार वेळा वर-खाली केला आणि काही न बोलता कॉफी आणायला गेल्या. त्यांच्याकडून ही बरीच दाद आहे.

टेबलावर एक वीस सेंटचं इटालियन नाणं ठेवलंय. त्यावर शिल्पकार बोच्चोनी यांनी १९१३ साली केलेला पुतळा आहे, ढांगा टाकत चाललेला. चालण्याच्या वेगानं अंगच मागे फडफडतंय असा. बघितलं की मला आरेवाडीच्या बिरोबाच्या जत्रेतला धनगरांचा गजा नाच आठवतो: ढोल थांबतो, नाचणारा थांबतो, पण झग्याचा घेर अर्धा क्षण फिरतच राहतो. यातून अजून काही बनलेलं नाही. बनायलाच पाहिजे असंही नाही.

नमुन्यासाठी खरे मणके हवे होते, म्हणून आईला गल्लीत पाठवलं. दुकानातूनच तिचा फोन. “अगं, हे विचारतायत, तंबोरा लेडीज का जेंट्स? दिवा म्हटलं तर बघतच राहिलेत. काय सांगू?”