भेजा, मज्जा आणि आतडं

सुट्टीत नगरला गेले की चर्चमधली उपासना सुटल्यावर दारातच कुणीतरी गाठतं. "काय गं, तिकडं मेंदूचं शिकतेस म्हणे. मग विश्वास राहिला का अजून?" विचारणाऱ्याच्या मनात काळजी असते, म्हणून मला राग येत नाही. पण चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

मी टेक्सासमधल्या वेको गावी बेलर विद्यापीठात न्यूरोसायन्स शिकते. हे पदवीचं शेवटचं वर्ष. बेलर बाप्टिस्ट मंडळींचं. टेक्सास हा स्वतंत्र देश असताना, १८४५ साली त्याला सनद मिळाली. प्रवेशासाठी ख्रिस्ती असावं लागत नाही, पण धर्माचे दोन कोर्स करावे लागतात, एक पवित्र शास्त्रावर, म्हणजे बायबलवर, आणि एक ख्रिस्ती परंपरेच्या इतिहासावर. शिवाय दोन सत्रं चॅपल, म्हणजे सामूहिक उपासना. पॅट नेफ हॉलच्या मनोऱ्यात ४८ घंटा आहेत. पहिल्या वर्षी त्या वाजल्या की मला घरची फार आठवण यायची.

एका सत्रात वेळापत्रक असं जमलं होतं की सकाळी पवित्र शास्त्राचा वर्ग आणि दुपारी प्रयोगशाळा. मला जे कळलं ते त्या दोन वर्गांच्या मधल्या रस्त्यावर कळलं, असं म्हटलं तरी चालेल.

प्रयोगशाळेत मेंढीचा मेंदू उघडायचा होता. ट्रेमध्ये ठेवलेला, औषधात मुरवून घट्ट झालेला, पिवळट, माझ्या मुठीत जवळजवळ मावेल एवढा. नाकात तो उग्र वास. वर्गातल्या दोघी-तिघी मागे सरकल्या. मी पुढे झाले, कारण मी हे आधी पाहिलं होतं. आमच्याकडे नाताळात आणि कुणी आजारातून उठलं की बोकडाचा भेजा व्हायचा. आजी तो कोमट पाण्यात हळद टाकून ठेवायची आणि मग बोटांच्या टोकांनी वरचा पापुद्रा सोडवायची. लाल बारीक शिरांचं जाळं असलेला, ओल्या कागदाहून पातळ. घडीघडीत शिरलेला असायचा, तिथून तो अलगद ओढून काढावा लागायचा. एवढासा राहिला तरी भाजी कडवट लागते, असं तिचं म्हणणं.

त्या पापुद्र्याची नावं मला वेकोत कळली. बाहेरचं जाड, कातड्यासारखं आवरण ते ड्यूरा मेटर. आतलं कोळ्याच्या जाळ्यासारखं ते अरॅक्नॉइड. आणि मेंदूला अगदी बिलगलेलं ते पिया मेटर. ‘मेटर’ म्हणजे आई. अरब वैद्य या आवरणांना मेंदूची आई म्हणत, आणि १२व्या शतकात त्यांच्या ग्रंथांची लॅटिन भाषांतरं झाली तेव्हा तीच आई तिकडे गेली. एक कठोर आई, एक कोवळी. लॅटिनमध्ये ‘पिया’चा अर्थ कोवळी, मायाळू असा होतो तसा भाविक असाही होतो. मला आजी आठवली, दुसरं काय.

माझी टेबलावरची जोडीदार ह्यूस्टनची, मुसलमान घरातली, घरी उर्दू बोलणारी. तिनं माझा हात बघितला आणि हळूच म्हणाली, "तूही मगज साफ केलेला दिसतोय." तिच्या अम्मीच्या हाताखाली ती हेच शिकली होती. मग आम्ही दोघींनी सुरीला हात न लावता, नुसत्या बोटांनी, तो पापुद्रा सोडवला. ‘मगज’ ऐकून मी चमकले. आमच्याकडे मगज म्हणजे बियांच्या आतला गर, लाडवात घालायचा. ती म्हणाली, फारसीत मेंदू, हाडातला गर आणि बीमधला गर या सगळ्यांना तोच शब्द आहे. आणि मला शाळेतली मज्जासंस्था आठवली. मज्जा म्हणजे हाडातला गर, आणि नसांना आपण मज्जातंतू म्हणतो. मराठी माध्यमात इतकी वर्षं शिकून हे मला कधी दिसलं नव्हतं.

शेवटी मेंदूचे मधोमध दोन भाग केले. आत, मागच्या बाजूला, वाटाण्याएवढी पिनियल ग्रंथी. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं आत्म्याचं मुख्य ठाणं इथं सांगितलं होतं. सरांनी तेव्हा निकोलस स्टेनोची गोष्ट सांगितली. १६६५ साली या डॅनिश शरीरशास्त्रज्ञानं पॅरिसमध्ये मेंदूवर व्याख्यान दिलं, आणि सुरुवातच केली ती ‘मला मेंदूबद्दल काहीच माहीत नाही’ या कबुलीनं. मग देकार्त म्हणतो तशी ही ग्रंथी हलू-वळू शकत नाही हे त्यानं दाखवून दिलं. हाच स्टेनो पुढे कॅथलिक बिशप झाला आणि १९८८ मध्ये पोपनी त्याला धन्य घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या एक पायरी अलीकडे नेलं. आत्मा मानणाऱ्या माणसानंच आत्म्याची ती जागा खोडून काढली. मला हे फार मोठं वाटतं. आपल्याला हवं ते सिद्ध होतंय असं दिसत असताना, ते चूक आहे म्हणून सांगायला धैर्य लागतं.

आता सकाळचा वर्ग. तिथं एक दिवस बाई म्हणाल्या की जुन्या करारातल्या हिब्रूत मेंदूला शब्दच नाही. ‘मोआख’ हा शब्द ईयोबाच्या पुस्तकात एकदा येतो, पण तिथं त्याचा अर्थ हाडातली मज्जा. मेंदू हा अर्थ त्याला नंतर आला. मी वहीत ‘मज्जा, मगज, मोआख’ असं एकाखाली एक लिहिलं. ते पान अजून जपून ठेवलंय. मग माणूस विचार कुठं करायचा? हृदयात. आणि आतलं, कुणाला न दिसणारं सगळं? मूत्रपिंडात! स्तोत्रांमध्ये देव हृदय आणि मूत्रपिंडं पारखतो. आजच्या इंग्रजी भाषांतरात मूत्रपिंडाचं ‘माइंड’ करून टाकलंय.

पुढे लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलाचा दाखला आला. सगळं उधळून परत येणारा मुलगा दुरून दिसतो आणि बापाला कळवळा येतो. बाई म्हणाल्या, मूळ ग्रीक क्रियापद ‘स्प्लांख्ना’ या शब्दावरून आलंय, म्हणजे आतडी, पोटातले अवयव. वर्गात थोडी खसखस पिकली. मी तोवर त्या वर्गात स्वतःहून कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी हात वर केला आणि सांगितलं की माझी आजी आजही असंच बोलते. पुण्याला विमानतळावर मला सोडताना ती म्हणाली होती, "आतडं तुटतंय गं माझं." ते इंग्रजीत सांगताना माझा आवाज कापला. बाई क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ते मूळ भाषेत पुन्हा म्हण. मी म्हटलं.

त्याच महिन्यात दुपारच्या वर्गात व्हेगस नर्व्ह आली. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या बारा जोड्यांपैकी दहावी. व्हेगस म्हणजे भटकी. मानेतून उतरून हृदय, फुप्फुसं, जठर करत आतड्यांपर्यंत हिंडते. मला वाटायचं, मेंदू तिच्यातून हुकूम सोडत असेल. तर तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू उलट्या दिशेनं, पोटातून मेंदूकडे निरोप नेतात. ते निरोप मेंदूच्या बुंध्यात पोचतात आणि तिथून वर इन्सुला नावाच्या घडीपर्यंत जातात. पोटात गोळा येतो, काळीज धडधडतं, ते तिथं जाणवतं.

म्हणून लगेच ‘बघा, पवित्र शास्त्रात हे आधीच लिहिलं होतं’ असे मेसेज मला कुणी पाठवू नयेत. लूकला व्हेगस माहीत नव्हती. माझ्या आजीलाही नाही. त्यांना जिथं दुखलं ती जागा त्यांनी सांगितली, आणि जागा बरोबर सांगितली. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ आहे.

विश्वासाची खरी परीक्षा वेगळ्याच दिवशी झाली. चर्चेला १९८७ सालचा एक लेख होता, एका वैद्यकीय नियतकालिकातला. दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, वाटेवर ख्रिस्ती लोकांचा छळ करायला निघालेल्या पौलाला उजेड दिसला, आवाज ऐकू आला, तो टेम्पोरल लोबमधला, म्हणजे कानशिलाकडच्या मेंदूच्या भागातला, अपस्माराचा झटका असू शकेल का, असा विषय. मी त्या रात्री झोपले नाही. पौलापेक्षा मला आजोबांची चिंता होती. त्यांनी दारू सोडली त्या रात्री त्यांना काय दिसलं त्याची साक्ष आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. तीही अशीच वीज होती का, डोक्यातल्या डोक्यात चमकून गेलेली?

चार दिवस मी कुणाशी बोलले नाही. मग एवढं उमगलं: मला समोर आंब्याचं झाड दिसतं तेव्हाही मेंदूत वीज खेळते, म्हणून झाड खोटं होत नाही. पण त्यावरून आजोबांना दिसलेलं खरं होतं हेही सिद्ध होत नाही, आणि होतं असं मी कुणाला सांगणार नाही. आजोबांनी त्यानंतरची सत्तावीस वर्षं दारूला हात लावला नाही, हे मात्र मी पाहिलेल्या माणसांनी पाहिलंय. तिथून पुढं मी विश्वासानं चालते. प्रयोगशाळेत शिरताना तो बाहेर काढून ठेवावा लागत नाही, आणि तो आत आहे म्हणून कापताना हातही थरथरत नाही.

गेल्या नाताळात घरी होते. आजीचे हात आता कापतात, म्हणून भेजा माझ्यापुढे ठेवला. हळदीचं कोमट पाणी, ॲल्युमिनियमचं पातेलं. मी शिकल्याप्रमाणे मधल्या खाचेपासून सुरुवात केली आणि पहिल्याच झटक्यात पापुद्रा फाटला. ताजा मेंदू मुरवलेल्यासारखा नसतो, सायीसारखा असतो, बोटांखालून निसटतो. आजी शेजारी पाटावर बसून बघत होती.

"ओढू नकोस," ती म्हणाली. "खाली पाणी जाऊ दे. मग ते आपणहून सुटतं."

मी हात थांबवले. पाणी खाली शिरू दिलं. मग तो लाल जाळीचा पापुद्रा लहान मेंदूपर्यंत एकसंध निघून आला. तो तळहातावर घेऊन मी तिला म्हटलं, "आजी, याला तिकडं कोवळी आई म्हणतात." तिनं डोळे बारीक करून तो बघितला, म्हणाली, "बरं नाव आहे," आणि कांदा चिरायला घे म्हणून सांगितलं.

जेवणाआधीची प्रार्थना त्या दिवशी तिनं मलाच करायला लावली.