कुशादासीला जहाज लागल्यावर: खासगी गाईडबरोबर इफिसचा एक दिवस

तुर्कस्तानातल्या कुशादासीच्या धक्क्यावर क्रूझ जहाजातून उतरणाऱ्या बहुतेकांना कुशादासी बघायचंच नसतं. त्यांना जायचं असतं तिथून वीसेक किलोमीटरवर, सेल्चुक गावाजवळच्या इफिस या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे. मराठी बायबलमधलं इफिस ते हेच. इंग्रजीत एफिसस, तुर्कीत एफेस. एके काळी जहाजं थेट इफिसलाच लागत. मग कुचुक मेंदेरेस नदीने गाळ आणून आणून बंदर बुजवलं आणि समुद्र पाच किलोमीटरहून जास्त मागे सरकला. त्यामुळे आज जहाज एकीकडे, शहर दुसरीकडे. मधलं अंतर कोणाबरोबर कापायचं, कुठली जागा आधी बघायची आणि धक्क्यावर परत किती वाजता यायचं, एवढं नीट ठरलं की दिवस जमलाच.

जहाज कंपनीच्या शोअर एक्स्कर्शनमध्ये, म्हणजे बंदरावरच्या सहलीत, बसभर माणसं असतात, कानात हेडफोन असतो आणि बहुतेक वेळा शेवटी गालिच्यांच्या दुकानात थांबा असतो. स्वतंत्र गाईड आणि गाडी घेतली की क्रम आपला आणि वेगही आपला. चार-सहा जण असाल तर खर्चही बसच्या तिकिटांच्या आसपास येतो, कारण खासगी सहलीचा दर बहुधा गाडीमागे असतो. पण एक फरक पक्का लक्षात ठेवा. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. खासगी सहलीला उशीर झाला तर जहाज निघून जातं.

भारतीय पासपोर्टवाल्यांसाठी सगळ्यात आधी व्हिसा. अथेन्सजवळच्या पिरेयसहून निघून कुशादासी करून पुन्हा पात्मोस, रोड्स किंवा सँटोरिनी या ग्रीक बेटांना जाणारं जहाज म्हणजे शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडून परत आत येणं. सिंगल एंट्री व्हिसा तिथे संपतो. त्यामुळे अर्ज करतानाच मल्टिपल एंट्री मागा आणि जहाजाचा मार्ग सोबत जोडा. दिवसापुरतं उतरणाऱ्या क्रूझ प्रवाशांना तुर्कस्तान सवलत देतं, पण तुमच्या फेरीसाठी नेमकं काय लागेल ते कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. व्हिसा कमी पडला तर चढतानाच अडवतात. पासपोर्ट बऱ्याचदा जहाजाकडे जमा असतो, म्हणून उतरताना जहाजाचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि व्हिसाच्या पानाची प्रत जवळ हवी. रोजच्या पत्रकात त्या बंदरातल्या पोर्ट एजंटचा फोन छापलेला असतो. त्याचा फोटो काढून ठेवा.

गाईड निवडताना गोड बोलण्यापेक्षा कागद बघा. तुर्कस्तानात परवाना नसलेल्या माणसाला गाईडचं काम कायद्याने करता येत नाही. परवानाधारक गाईडच्या गळ्यात ओळखपत्र असतं, त्याला तिथे कोकार्ट म्हणतात. सहल विकणारी संस्था तुर्साब या ट्रॅव्हल एजन्सी संघटनेची सभासद असावी लागते आणि तिला नोंदणी क्रमांक असतो. ईमेलमध्ये तो सरळ विचारा. “ड्रायव्हरच सगळं सांगेल” असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. ड्रायव्हर अवशेषांच्या आवारात तुमच्याबरोबर फिरून माहिती देऊ शकत नाही, म्हणजे तुम्ही फक्त टॅक्सी घेतलेली असते.

बुकिंगच्या ईमेलमध्ये काही गोष्टी स्पष्ट लिहून घ्या. प्रवेश तिकिटं दरात धरली आहेत का. २०२४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी इफिसचं तिकीट ४० युरो झालं आणि टेरेस हाउसचं, म्हणजे आतल्या श्रीमंतांच्या जुन्या घरांचं, त्याहून वेगळं, त्यामुळे “सर्व समाविष्ट” या शब्दांत नेमकं काय येतं ते विचारलंच पाहिजे. जवळच्या डोंगरावरच्या मेरीच्या (येशूच्या आईच्या) घराचं तिकीटही निराळं. वाऱ्यामुळे जहाज बंदराला लागलंच नाही तर पूर्ण पैसे परत मिळतील का. आणि तिसरं, दुकान नको. गालिचे, चामड्याची जॅकेटं, सिरॅमिक यांची “फक्त दहा मिनिटांची” प्रात्यक्षिकं पाऊण तास खातात, आणि त्यामागे कमिशन असतं. गालिचे विणण्याची कला बघण्यासारखी आहेच, पण ज्या दिवशी जहाज पकडायचं आहे त्या दिवशी तो पाऊण तास टेरेस हाउसला द्यावा असं आमचं ठाम मत. सगळी रक्कम आगाऊ भरू नका. थोडी अनामत आणि उरलेली सहल संपल्यावर, हे बहुतेक चांगल्या संस्थांना चालतं.

आता वेळेचं गणित, आणि ते उलटं करायचं. जहाज चारला सुटणार असेल तर “ऑल अबोर्ड” साधारण साडेतीनला असतं. तुमची शेवटची वेळ साडेतीन, चार नव्हे. त्यातून एक तास राखीव काढा, म्हणजे अडीचला धक्क्यावर. सेल्चुकहून परतायला अर्धा तास लागतो, म्हणून दोनला गाडीत बसायचं. या तासाला हात लावू नका. रस्त्यावर अपघात झाला, टायर पंक्चर झालं किंवा कोणाचा पाय मुरगळला, तर हाच तास उपयोगी पडतो. धक्क्यापासून दुकानांच्या रांगेतून बाहेर येऊन गाईड सापडायलाही पंधरा मिनिटं जातात, म्हणून जहाज सातला लागलं तरी गाडी सुटते साडेसातच्या पुढेच.

घड्याळाची एक खोच आहे. तुर्कस्तान २०१६ पासून वर्षभर एकच वेळ ठेवतं, ग्रीस हिवाळ्यात तास मागे घेतं. उन्हाळ्यात दोन्हीकडे एकच वेळ. ऑक्टोबरअखेरीपासून मार्चअखेरीपर्यंत एका तासाचा फरक. त्यातून कुशादासीच्या समोरच सामोस हे ग्रीक बेट आहे आणि किनाऱ्यावर फोन कधी कधी ग्रीक टॉवर पकडतो. मग त्या महिन्यांत फोनवरचं घड्याळ एक तास मागे दिसतं. फोनची आपोआप वेळ बंद करा, मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि गाईडशी बोलताना “जहाजाच्या वेळेने” असं म्हणूनच बोला. ग्रीसमध्ये घेतलेलं युरोपचं सिमकार्ड तुर्कस्तानात बहुधा चालत नाही, किंवा चाललं तर महाग पडतं, कारण तुर्कस्तान युरोपियन युनियनमध्ये नाही. भेटण्याची जागा आणि गाईडचा नंबर कागदावर लिहिलेला असू द्या.

क्रम असा लावा. पहिल्यांदा मेरीचं घर, तुर्कीत मेरियेम आना एवी. ते बुल्बुल डोंगरावर, इफिसच्या वरच्या दरवाजापासून सात-आठ किलोमीटरवर आहे. देऊळ म्हणावं तर अगदी छोटं, एका वेळी मोजकीच माणसं आत मावतात. नऊनंतर बसगाड्या आल्या की दारापासून झाडांखाली लांब रांग लागते. सव्वाआठला पोचलात तर पाच मिनिटांत आत. येशूने क्रुसावरून आपल्या आईला शिष्य योहानाच्या हवाली केलं आणि योहान पुढे इफिसला आला, या परंपरेतून मरिया, म्हणजे मेरी, इथे राहिली अशी श्रद्धा तयार झाली. १८२४ मध्ये वारलेल्या ॲना काथरिना एमरिख या जर्मन जोगिणीच्या दृष्टान्तांतल्या वर्णनावरून इझमीरच्या पाद्र्यांनी १८९१ मध्ये ही जागा शोधली. ती स्वतः इथे कधीच आली नव्हती. कॅथलिक चर्चने जागेच्या खरेपणावर अधिकृत निर्वाळा दिलेला नाही, तरी १९६७, १९७९ आणि २००६ मध्ये तीन पोप इथे येऊन गेले. भिंतीवरची लाल रेघ बघा: तिच्या खालचं बांधकाम जुनं, वरचं नंतर उभारलेलं. मुस्लिम बायकाही इथे प्रार्थनेला येतात, कारण कुराणात मरियमच्या नावाचा अख्खा अध्याय आहे. आत फोटो काढायचा नाही, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बाहेर झऱ्याच्या पाण्याचे नळ आहेत, आणि नवसाच्या कागदी-कापडी चिठ्ठ्या बांधलेली भिंत. सगळं मिळून चाळीस मिनिटं पुरतात. १५ ऑगस्टला इथे मोठी प्रार्थना असते. त्या दिवशी जहाज लागत असेल तर मेरीचं घर या क्रमातून काढलेलं बरं.

मग इफिस. वरच्या दरवाजाने आत जायचं आणि खालच्या दरवाजाने बाहेर पडायचं. गाडी खाली येऊन थांबते. उलटं केलं तर अख्खा चढ उन्हात चढावा लागतो. आत शिरण्याआधी स्वच्छतागृहात जाऊन या, मध्ये सोय नाही. सावली जवळपास शून्य, म्हणून टोपी आणि माणशी किमान एक लिटर पाणी. रस्ता संगमरवरी फरसबंदीचा आहे, दोन हजार वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेला, आणि कोरडा असतानाही घसरतो. रबरी तळाचे बूट घाला. चपला आणि नवे कोरे स्नीकर दोन्ही धोक्याचे. गुडघे दुखणाऱ्या आई-वडिलांना घेऊन जात असाल तर उतार हळूहळू जमतो, पण चाकाची खुर्ची फार ठिकाणी अडते. गाईडला आधी सांगितलं तर तो बसायच्या जागा धरून चाल ठरवतो.

वरून येताना आधी ओडिऑन हे छोटं सभागृह लागतं, मग क्युरेटीस रस्ता. दोन्ही बाजूंना रोमन सम्राट हॅड्रियनचं मंदिर, कारंजी, सार्वजनिक शौचालयाची दगडी बैठक. उजव्या-डाव्या प्रत्येक दगडापाशी थांबलात तर खालच्या सेल्ससच्या ग्रंथालयापर्यंत दम संपतो, म्हणून इथे गाईडला निवड करायला सांगा. टेरेस हाउस मात्र सोडू नका. छताखाली जपलेली श्रीमंतांची घरं, भिंतींवरची चित्रं, जमिनीवरचं मोझेक. रोमन माणूस घरात कसा राहायचा ते इफिसमध्ये इथेच कळतं. पायऱ्या बऱ्याच आहेत, पाऊण तास धरा, आणि मोठे ग्रुप इथे फारसे येत नसल्याने शांतता मिळते.

ग्रंथालयाचा दर्शनी भाग पूर्वेकडे तोंड करून आहे, त्यामुळे फोटो सकाळचाच चांगला. रोमन प्रांताधिपती सेल्सस याच्या स्मरणार्थ त्याच्या मुलाने ते इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला बांधलं. सेल्ससची कबर खालीच आहे. आत सुमारे बारा हजार गुंडाळ्या होत्या असं मानतात, आणि त्यांना दमट हवा लागू नये म्हणून भिंती दुहेरी. मधले खांब कडेच्या खांबांपेक्षा मोठे ठेवले आहेत, त्याने इमारत आहे त्यापेक्षा रुंद भासते. आज उभा दिसतो तो दर्शनी भाग १९७० च्या दशकात ऑस्ट्रियन पुरातत्त्वज्ञांनी पडलेल्या तुकड्यांतून पुन्हा उभारला. चार स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत, मूळ व्हिएन्नाला. पुढच्या संगमरवरी रस्त्यावरचा कोरलेलं पाऊल म्हणजे वेश्यागृहाची जाहिरात, ही गोष्ट गाईड हमखास सांगतात. तिला भक्कम पुरावा नाही, आणि चांगला गाईड तेही सांगतो.

पुढे पंचवीसेक हजार माणसांचं नाट्यगृह. ख्रिस्ती प्रेषित पौलाच्या प्रचाराने अर्तमी (आर्टेमिस) देवीच्या रुप्याच्या देव्हाऱ्यांचा धंदा बसेल या भीतीने देमेत्रिय नावाच्या कारागिराने लोकांना भडकवलं आणि जमाव इथेच दोन तास देवीचा जयजयकार करत राहिला, असं बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. वरच्या रांगांतून समोर पाचशे मीटरांचा बंदर रस्ता दिसतो. त्याच्या टोकाला आता पाणी नाही, दलदल आणि वेताची झुडपं आहेत. खालच्या दरवाजाजवळ मरियेचं चर्च आहे. बस ग्रुप ते टाळतात, तुम्ही मात्र वेळ काढा. इसवी सन ४३१ च्या धर्मसभेने मरियेला ‘देवमाता’ म्हणायचं ठरवलं ते इफिसमध्ये, आणि ती सभा याच चर्चशी जोडली जाते. दरवाजाबाहेर “जुनी नाणी” विकणारे भेटतील. ती बहुतेक नकली असतात, आणि खरी असली तर देशाबाहेर नेणं गुन्हा. जमिनीवरचा खापराचा तुकडाही उचलू नका.

बारा वाजून गेले की अर्तमीच्या मंदिरापाशी पंधरा मिनिटं. प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी हे एक. आज तिथे तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे, वर बहुधा करकोच्याचं घरटं. निराशा होते, पण खांबाच्या मागे नजर टाका. पुढे १३७५ ची इसा बे मशीद, तिच्यावरच्या टेकडीवर योहानाच्या बॅसिलिकाचे अवशेष, त्याहून वर किल्ला. जुन्या शहराचे खांब मशिदीत गेले आहेत. मशिदीत जायचं तर बूट बाहेर, बायकांना डोक्यावर ओढणी, आणि शुक्रवारी दुपारची वेळ टाळा.

सेल्चुकमध्ये पाऊण तास जेवण, मग सव्वाला बॅसिलिका. सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने ती योहानाच्या कबरीवर बांधली, लांबी सुमारे १३० मीटर. चार खांबांमधली कबरीची जागा आणि बाप्तिस्म्याचा हौद तेवढा नीट बघा. सेल्चुकच्या संग्रहालयात अर्तमीच्या दोन मूर्ती आहेत, त्या बघायच्या असतील तर जेवण गाडीत सँडविचवर भागवा. दोन्ही जमवायला जाऊ नका, दोनला गाडीत बसायचं आहे.